मोठ्या पहाडीवरचा चैत्र

मार्च सरत आला की आमच्या बोरगावच्या गल्लीत संध्याकाळी पाठांतराचे आवाज येऊ लागतात. शेजारची दहावीची पोरगी गच्चीवर येरझारा घालत सनावळ्या घोकते. त्याच दिवसांत गावाबाहेरच्या शेतांतून कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या जाळल्याचा धूर येतो. सून विचारते, "आई, खिडक्या लावून घेऊ का?" मी नको म्हणते. खिडकी लावली की धूर किती जवळ आला ते कळत नाही, आणि तेच मला सोसत नाही. मी जिना चढून वर जाते. धूर कुठून निघतोय, वारा कोणीकडचा आहे, मधे रस्ता आहे की नुसतं वाळलेलं गवत, एवढं बघते आणि खाली येते. सुनेला वाटतं, सासूबाईंना संध्याकाळची हवा आवडते. इतक्या वर्षांत मी तिचा समज मोडलेला नाही.

एकोणीसशे सत्तावन्न सालचा चैत्र. मी एकोणीस वर्षांची होते आणि वर्ध्याला शिक्षिकांच्या ट्रेनिंगला होते. वसतिगृहाच्या खोलीत आम्ही तिघी. मी, कुसुम, आंजीची, शेतकऱ्याघरची. मालती सेलूची, तिच्या वडिलांचं किराण्याचं दुकान होतं आणि तिला कशाचीही भीती वाटत नसे, निदान ती तसं म्हणायची. तिसरी शांता, हिंगणघाटाकडच्या एका खेड्यातली. तिचे वडील गावचे कोतवाल होते. मागच्या दसऱ्याला त्यांच्या सगळ्या वस्तीनं नागपूरला जाऊन धर्म बदलला, परत येऊन वडिलांनी कोतवालकीची काठी पाटलाच्या ओसरीवर नेऊन ठेवली, आणि तेव्हापासून ते मजुरीला जात होते. हे शांतानं आम्हाला एकदाच, शिवण घालता घालता सांगितलं होतं. वसतिगृहात आम्ही तिघी एका पंगतीत जेवायचो. त्याचं मला मनातून फार कौतुक होतं. आता कळतं, ते कौतुक मला माझं स्वतःचंच होतं.

परीक्षेचे ते दिवस आठवले की आधी आठवतो कडुनिंबाच्या मोहराचा वास. खिडकीबाहेर झाड होतं. मानसशास्त्राच्या वहीत ती पांढरी बारीक फुलं पडायची आणि पान उलटलं की चिकटून राहायची. दुपारी कौलं तापत, आम्ही जमिनीवर पाणी शिंपून ओल्या फरशीवर पालथ्या पडून वाचायचो. मी नापास होण्याला भीत होते. नापास झाले तर वडील वैशाखातच लग्न उरकणार होते. मला वाटायचं, माणसाला याहून मोठी भीती काय असणार.

शेवटचा पेपर शनिवारी झाला. त्याच्या आदल्या आठवड्यापासून मालतीनं घोषा लावला होता. "पेपर संपले का सेलूले जाऊ, तिथून माह्या मामाच्या गावाले. मामाच्या गावामांगं मोठी पहाडी हाये. रविवारी सांजच्याले वर चढू, चहा करू अन सूर्य बुडतानी पाहू. अशी मजा पुन्हा नाई मिळायची वं."

मी लगेच हो म्हटलं. शांतानं वही मिटली. मग म्हणाली, "तुह्या मामाच्या घरी चालते का पण?"

"न चालाले काय झालं?" मालती म्हणाली. ती हे फार पटकन म्हणाली.

सेलूला बसमधून उतरलो तेव्हा मामा बैलबंडी घेऊन उभे होते. उंच, कमी बोलणारा माणूस. आम्हाला गवताच्या गादीवर बसवून ते पुढं बैल हाकायला बसले. रस्ता हिंगणीच्या बाजूला वळला, शेतं मागं पडत गेली आणि पळस सुरू झाले. फुलं संपत आली होती; झाडाखाली काळपट लाल चिखल व्हावा तशी पडलेली. बंडीच्या खडखडाटात मालती शांताच्या कानाशी लागली, पण मला ऐकू येत होतं.

"मामी जुन्या वळणाची हाये. तिनं आडनाव विचारलं तं तू बोलू नको. मी सांभाळीन."

शांता पळसांकडं बघत म्हणाली, "मी आपल्या तोंडानं काई सांगत नाई. पण विचारलं तं खोटं नाई बोलणार."

"कोण विचारते वं!" मी मधेच म्हटलं. "दोन तं दिवस हायेत." बैलांच्या शेपट्यांकडं बघत मी मनात ठरवलं की काहीही होणार नाही. काही होणार नाही असं ठरवावं लागलं, तिथंच खरं तर माझ्या लक्षात यायला हवं होतं.

त्या रात्री मामीनं आमच्यासाठी पातोडीची भाजी केली होती. चुलीजवळ तीन पाट मांडले. मामी प्रेमळ बाई, हे मी सांगितलंच पाहिजे. ती वाकून वाकून वाढत होती, शांताच्या ताटात दुसऱ्यांदा भाजी घालत म्हणाली, "खा व माय, किती वाळली अभ्यासानं! गाव कोणतं म्हणलं तुहं?"

"हिंगणघाटाजवळ."

"अन आडनाव?"

मालतीच्या हातून पाण्याचा गडवा कलंडला. पाणी चुलीपर्यंत गेलं, राखेचा फुसकारा उठला, मामी "अवो बाई, पाह्यजो जरा!" म्हणत पोतेरं आणायला धावली. मालतीनं तो मुद्दाम पाडला की चुकून, हे मी तिला कधीच विचारलं नाही. शांता तोंडातला घास चावायची थांबली होती. तिच्या कपाळावर घाम होता. मी माझी भाकरी जोरजोरानं कुस्करत राहिले.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास आम्ही निघालो. मामा अंगणात दोर वळत बसले होते. म्हणाले, "दिवस बुडला का लगेच खाली येजा. बिबट हाये तिकडे. अन मोहवाले आजकाल पाला जाळून राह्यले, धूर दिसला तं त्या अंगाले जाऊ नका."

मोहाची फुलं पहाटे गळतात. वाळक्या पाल्यात ती दिसत नाहीत, म्हणून वेचणारे लोक आदल्या दिवशी झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करतात. हे आम्हाला माहीत होतं. मालती हसून म्हणाली, "मामा, आम्ही मास्तरनी हाओत आता!"

पहाडी सागाची. चैत्रात सागाखाली वाळकी पानं घोटाघोटापर्यंत साचलेली असतात, पापडासारखी. आम्ही चालायला लागलो आणि एवढा आवाज होऊ लागला की एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. थांबलं की गप्प. त्या गप्प होण्यातच मला मागून कोणीतरी आणखी एक पाऊल टाकल्यासारखं वाटायचं. मी तीनदा मागं वळून पाहिलं. एका वळणावर वानर खेकसलं आणि मी किंचाळले. मालती पोट धरून हसली. वाट दक्षिणेकडून एका कोरड्या नाल्याला वळसा घालून वर जायची. नाल्यात पांढरी रेती होती, तिच्यात कसले तरी पंज्यांचे ठसे. शांता वाकून बघत म्हणाली, "जुने हायेत." तिनं ते ज्या सहज आवाजात म्हटलं, त्यानं मला जरा धीर आला.

माथा सपाट निघाला. दोन-अडीच एकर असेल, झाड म्हणून नाही, नुसतं कमरेइतकं वाळलेलं गवत. कुसळं लुगड्यात घुसत होती. पश्चिमेला उतार सरळ खाली जंगलात गेलेला आणि पूर्वेला जरा मंद उतार, गावाकडचा. खाली मामांच्या घराची कौलं बोटाच्या पेराएवढी दिसत होती. मालतीनं तीन दगड मांडले. शांतानं मात्र आधी बसून दगडांभोवतीचं गवत हातभर अंतरापर्यंत उपटून काढलं, आणि चहा झाल्यावर खांद्यावरच्या कापडी छागलीतलं पाणी निखाऱ्यांवर ओतलं, हात फिरवून पाहिला, पुन्हा ओतलं.

"किती भेते वं ही!" मालती म्हणाली.

"भेवाचीच गोष्ट हाये," शांता म्हणाली.

चहा धुरकट झाला होता आणि साखर जास्त. तसा चहा मी नंतर कधी प्यायले नाही. आम्ही पश्चिमेला तोंड करून बसलो. कुठं नेमणूक मिळेल यावर बोलणं चाललं होतं. मालतीला सेलूतच शाळा हवी होती. मी म्हटलं, मला कुठंही चालेल. शांता म्हणाली, "मले असं गाव पाह्यजे जिथं मले कोणी वळखत नाई. पह्यल्या दिवशी वर्गात जाईन अन पोट्टे फक्त बाई म्हून पाह्यतीन."

सूर्य खाली आला, तांबडा झाला, शेवटी शेवटी खालून चपटा दिसू लागला. मग गेला. त्या पाच मिनिटांत मला कशाचीच भीती वाटत नव्हती, हे मला नीट आठवतं. परीक्षेची नाही, बिबट्याची नाही, मामीची नाही.

आकाशातला लाल रंग विझत गेला. पण त्याच्या खालचा, झाडांमधला लाल विझेना.

"अजून बुडला नाई का?" मालती म्हणाली.

शांता उभी राहिली. तेवढ्यात खालून वाऱ्याचा एक झोत आला, तो गरम होता. चार-सहा पाखरं आमच्या डोक्यावरून ओरडत पूर्वेकडं गेली. गवतातून एक ससा निघाला आणि माझ्या पायाला घासून पळाला. मग आवाज ऐकू आला. आधी वाटलं कोणी माणसं पाल्यातून चालत येताहेत, पुष्कळ माणसं.

"आग हाये," शांता म्हणाली. "वर येऊन राह्यली."

आम्ही वाटेकडं धावलो. भांडी तशीच टाकली, छागल तेवढी शांताच्या खांद्यावर होती. वाट उतरून नाल्याच्या वळणापर्यंत गेलो आणि थांबलो. वळणापलीकडं धूर भिंतीसारखा उभा होता आणि धुराच्या बुडाशी पाला पेटत येत होता. सागाचं पान पेटलं की वाऱ्यानं उचलून पुढं जाऊन पडतं, तिथं नवी आग. मी हे पहिल्यांदा पाहत होते. शांतानं मला दंडाला धरून ओढलं आणि आम्ही परत वर धावलो.

माथ्यावर आलो तेव्हा पश्चिमेचा उतार पेटला होता. ज्वाळा दिसत नव्हत्या अजून, पण कडेच्या गवताच्या टोकांवर उजेड नाचत होता. शांतानं विचारलं, "आगपेटी कोणाजवळ हाये?"

"काऊन?" मालती ओरडली.

"दे अगुदर."

मालतीनं कमरेची आगपेटी काढून दिली. शांता पूर्वेकडं वळून गवतात गुडघ्यावर बसली, काडी ओढली, ती विझली. तेव्हा मालतीला उमगलं. "येडी झाली का तू? आगीत आग लावते? माय वं, कुसुम, हिचं डोकं फिरलं!" आणि ती वळून दक्षिणेच्या उताराकडं पळत सुटली.

"मालती, पयू नको! पयू नको वं!" शांता ओरडली. पण ती धुरात गेली होती.

मी का पळाले नाही, असं मी स्वतःला पुढं कितीदा विचारलं. त्यात माझी काही समज नव्हती. मला पळताच आलं नाही. शांता म्हणाली, "पदर धर, वारा अडव," आणि माझे हात आपोआप पुढं झाले. मी पदर ताणून तिच्या पाठीशी बसले. दुसरी काडी विझली. तिसरी लागली. गवतानं ती काडी अशी घेतली की आम्ही दोघी मागं कोसळलो. वारा पश्चिमेचा, आमची आग आमच्यापासून दूर, पूर्वेकडं पळत गेली. मागं काळी जमीन उरली, तिच्यात बुडखे निखाऱ्यासारखे धुमसत होते. आता दोन्हीकडं आग होती आणि मधे आम्ही. मला वाटलं मालती खरं बोलली, ही वेडी आहे, हिनं मला मारलं.

"चाल, काळ्यावर चाल!"

मी नाही म्हणाले. खाली बसले. शांतानं माझी वेणी धरली आणि मला ओढत त्या जळक्या जमिनीवर नेलं. चपलेतून पाय भाजत होते. तिनं छागलीतलं उरलेलं पाणी माझ्या आणि तिच्या पदरावर ओतलं, आम्हाला दोघींना पालथं पाडलं, ओले पदर डोक्यावर घेतले. मग मोठी आग माथ्यावर आली. तिचा आवाज मी कशाशीही जुळवून सांगू शकत नाही. मी शांताच्या कुशीत तोंड खुपसलं होतं आणि तिचं सगळं अंग थरथरत होतं. ती पुन्हा पुन्हा एकच शब्द म्हणत होती, "बाबा, बाबा, बाबा."

आग जळक्या जमिनीच्या कडेपर्यंत आली आणि थांबली. तिला पुढं काही नव्हतं. ती दोन्ही बाजूंनी फाकली, थोडा वेळ धडधडली आणि बसत गेली. किती वेळ गेला माहीत नाही. डोकं वर केलं तेव्हा अंधार पडला होता आणि खालून माणसांच्या हाका येत होत्या.

गावची माणसं पळसाच्या डहाळ्या घेऊन पूर्वेचा उतार झोडपत वर आली होती. आमची आग तिकडूनच खाली उतरली होती. शेतांच्या बांधाशी त्यांनी ती विझवली. कोणाचं घर गेलं नाही, कडब्याची गंजी गेली नाही. पण तो उतार गावचा चराईचा होता, पावसापर्यंत जनावरांना तेवढाच आधार, आणि तो सगळा काळा पडला होता. मालती नाल्यातल्या रेतीत सापडली. ती पाय मुरगळून बेशुद्ध पडली होती. भोवतालचा पाला जळला पण रेतीनं तिला वाचवलं. एक हात कोपरापर्यंत भाजला होता आणि अर्धे केस जळले होते. तिला खाटेवर घालून खाली आणलं.

मामांच्या अंगणात कंदील लावले होते. काळवंडलेल्या तोंडांची वीसेक माणसं, हातात अजून डहाळ्या. जंगलाचा नाकेदार बाजेवर बसला होता, मांडीवर वही. मालतीला आत नेलं, मामी तिच्या हाताला खोबरेल लावत होती, अधूनमधून दारात येऊन बघत होती. आम्ही दोघी अंगणाच्या मध्ये उभ्या.

नाकेदार म्हणाला, "मोहवाल्यायची आग पश्चिमेकडून आली, ते मले माहीत हाये. त्यायले मी पाह्यतो. पण गावाकडची आग वेगळी हाये, ते वरून निंगाली. ते कोणं लावली?"

सांगायचं होतं ते वाक्य माझ्याजवळ तयार होतं. हिनं लावली म्हणून मी जिवंत आहे. एवढंच. मी त्या माणसांचे पाय बघत होते, धोतरं गुडघ्यांवर खोचलेली, पोटऱ्यांवर ओरखडे. मला वाटलं, मी तोंड उघडलं की ही सगळी माणसं माझ्याकडं वळतील. डोंगरावर मला मरणाची भीती वाटली होती. इथं कोणी मला मारणार नव्हतं. तरी ही भीती जास्त होती, याचं मला आजही कोडं आहे.

"मी लावली," शांता म्हणाली.

"काऊन?"

"मोठी आग आंगावर येऊन राह्यली होती. समोरचं गवत आधीच जाळलं तं तिले खायले काई राह्यत नाई."

"हे तुले कोणं शिकवलं?"

"माह्या बाबानं. ते जाळरेषेच्या, गवताचे पट्टे जाळाच्या कामाले जात जंगलवाल्यायसंगं. गावचे कोतवाल होते."

कोतवालकी कोणाकडं असते, हे आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नव्हतं. शांताच्या सर्वांत जवळ उभा असलेला माणूस दोन पावलं मागं सरला.

"पूर्ण नाव सांग," नाकेदारानं पेन्सिल उचलली.

तिनं स्वतःचं नाव सांगितलं, बापाचं, आडनाव, गाव. सावकाश, वहीत नीट लिहिता यावं म्हणून एकेक शब्द सुटा करत.

"जात?"

"बौद्ध."

"आधीची इचारून राह्यलो मी."

"आता बौद्ध."

मामा पुढं झाले. हात जोडून म्हणाले, "साहेब, लेकरं हायेत. जीव वाचवाले केलं. जित्ती आली, झालं. लिहू नका." नाकेदारानं त्यांच्याकडं पाहिलं, शांताकडं पाहिलं, आणि वही मिटली. ते प्रकरण पुढं कधी उठलं नाही. मामांनी हे केलं, हेही मी सांगितलंच पाहिजे.

माणसं पांगली. मामीनं जेवायला हाक मारली. मी हातपाय धुऊन आत गेले. चुलीजवळ एकच पाट होता. मागून, ओसरीवरून मामीचा आवाज आला, अगदी मऊ, "तू थकली असशीन बाई, इथंच बस हवेशीर." मी वळून पाहिलं. ओसरीच्या पायरीशी पळसाच्या पानांची पत्रावळ मांडली होती. शांता अजून उभीच होती.

मी पाटावर बसले. मामीनं वाढलं. मी जेवले.

बाहेर काय झालं ते मी दारातून पाहिलं. कुंपणापलीकडं एक म्हातारी येऊन उभी राहिली होती, गावाबाहेरच्या वस्तीतली. बातमी तिच्यापर्यंत पोचली असणार. तिनं तिथूनच हाक मारली, "चाल व माय, माह्या घरी. भाकर टाकली हाये." शांतानं आपली कापडी पिशवी घेतली, मामांना नमस्कार केला आणि गेली. पत्रावळीला तिनं हात लावला नव्हता. माझ्या ताटात कढी होती. मी उठू शकले असते.

सकाळी मालतीला शुद्ध आल्यावर पहिला प्रश्न, "शांता कुठी हाये?" मी सांगितलं. मालती, जी पळून गेली होती, ती त्या भाजल्या हातासकट उठून बसली आणि मामीला असं काही बोलली की मामी पदर तोंडाला लावून रडायला लागली. दिवसभर तिनं त्या घरचं पाणी घेतलं नाही. मामांनी आम्हाला सेलूला पोचवलं. मी वर्ध्याला आले तेव्हा खोलीतली शांताची खाट रिकामी होती, पेटी गेलेली. फरशीवर कडुनिंबाची फुलं तेवढी पडली होती.

तिघी पास झालो. मालती दोन वर्षं सेलूत शिकवून लग्न होऊन नागपूरला गेली. मला आंजीची शाळा मिळाली. शांताला मी पाच पत्रं लिहायला घेतली. प्रत्येकात आधी प्रकृतीची चौकशी, मग निकालाचं अभिनंदन, आणि मग मला पुढं सुचेना. एकही टाकलं नाही. वर्गात मी मुलांना आगीपासून कसं वाचावं हे शिकवायची. गवत पेटलं तर काय करावं, वाऱ्याच्या कोणत्या बाजूला उभं राहावं, सगळं अगदी बरोबर. हे कोणाकडून शिकले, ते सांगत नसे.

सोळा वर्षांनी वर्ध्याला शिक्षकांचं शिबिर होतं. चहाच्या सुट्टीत व्हरांड्यात ती दिसली. जाड भिंगांचा चष्मा, केस कानाजवळ पांढरे. ती मुख्याध्यापिका झाली होती. तिनं मला आधी ओळखलं. "कुसुम नं तू?" आम्ही एका बाकावर बसलो. मुलं किती, सासर कुठं, हे सगळं झालं. मी हातातली कपबशी खाली ठेवली.

"शांता, त्या दिवशी अंगणात मी बोलली नाई. मले भेव लागलं होतं."

"मले दिसत होतं," ती म्हणाली. "भेव तं मलेही होतं. वर आग लावली नं, तवाही. बाबानं सांगतलं होतं फक्त, मी कधी केलं नव्हतं. तू नाई बोलली, ते मी समजून घेतलं. दोन-चार वर्षं लागली, पण घेतलं." तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "एक गोष्ट मात्र मले अजून समजत नाई. तू जेवली कशी?"

या प्रश्नाला मी सोळा वर्षांत पुष्कळ उत्तरं तयार केली होती. मामीचा मान, परकं घर, माझं वय. समोर शांता होती आणि त्यांतलं एकही मी दिलं नाही.

"भूक लागली होती," मी म्हटलं.

मला वाटलं आता ती उठून जाईल. व्हरांड्यात कोणी मोठ्यानं हसलं, कोणाची बशी फुटली. मग तिनं हळूच मान हलवली.

"हं," ती म्हणाली. "हे खरं असन."

तिनं ते क्षमा केल्यासारखं म्हटलं नाही, आणि मीही तसं मानलं नाही. आत घंटा झाली. ती उठली, वही काखेत घेतली, दोन पावलं गेली आणि थांबून माझ्याकडं वळली.

"चाल नं व. उशीर झाला का मांगं बसा लागते."

आम्ही आत गेलो. पुढच्या रांगा भरल्या होत्या. मागं एका बाकावर दोन जागा होत्या, तिथं बसलो.